शिवलेलं प्रकरण

पिंके, तो मोबाइल ठेव बाजूला. आणि बुद्धभूषण, तुला हसायचंच असेल तर आत्ताच हसून मोकळा हो. मी भुतंबितं मानत न्हाई, म्हणून तर ह्या गोष्टीचा मला राग येतो. आपल्या पूर्णा गावच्याच धम्मपालची हाय ही. माझ्यासंगं रेल्वेत होता, खोटं बोलणारा माणूस न्हाई.

त्याला रहस्यकथांचा लय नाद. एकदा रद्दीवाल्याकडून एक कादंबरी उचलून आणली. खून, पोलीस, वरून मेलेल्या बाईचं भूत. रात्री जागून वाचली, आणि खुनी कोण ते कळायच्या तोंडावर शेवटची पानंच गायब! जेवायला बसला तरी चिडचिड. दुसरी प्रत कुठं मिळेना. मग कुणीतरी सांगितलं, चुडाव्याच्या सरजाबाईकडं हाय, तिचा नागसेन वाचायचा. ते पोरगं आदल्या साली विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागून गेलेलं.

सहा डिसेंबर झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. धम्मपाल ड्यूटी उरकून फटफटीवर चुडाव्याला गेला. घरात म्हातारी एकटीच. तिनं पुस्तक काढून दिलं. बघतो तर शेवटचं प्रकरण गोधडीच्या जाड दोऱ्यानं शिवून टाकलेलं.

"हे काय, मावशी?"

"नागसेन मला वाचून दाखवायचा, भाऊ. एवढंच राह्यलं अन् तो गेला. आता रोज रात्री ह्या बाजंवर येऊन बसतोय, पुढं काय झालं ते ऐकायला. गोष्ट संपली की जाईल ना तो! तुमी मागचं वाचा, पायजे तेवढं. मोठ्यानं वाचा, त्यालाबी ऐकू द्या. पण हे नका उसवू."

धम्मपालनं कपाळाला हात लावला. एवढ्या थंडीत गाडी हाणत आला तो काय मागचंच वाचायला? म्हातारीला समजावलं, भूत नसतं. ती ऐकेना. शेवटी "चहा टाकते" म्हणून आत गेली. ह्याला वाटलं, मनातल्या मनात वाचलं तर ऐकणार कोण? म्हातारीचंबी मन मोडत न्हाई, आपलंबी भागतं. तुमी काय केलं असतं, सांगा बरं!

बाजेला पाठ टेकून तो खाली बसला. गाडीच्या किल्लीनं टाके तोडले. वाचायला लागला.

दुसऱ्या पानावर बाज करकरली.

त्याला वाटलं, आपल्याच पाठीनं. पुढं वाचलं. मग कानामागं काहीतरी गार लागलं... कुणी श्वास सोडावा तसं. खिडकी बंद होती. मान वळवायची हिंमत होईना. अन् पुस्तक खाली ठेववेना. खुनी पुढच्याच पानावर होता.

ओळच लागेना. तो तिथंच अडकला.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं,

"पान उलटा की..."

म्हातारीला वाचता येत नव्हतं, बाबांनो. तिला वाटलं, पोराला ऐकायलाच लागतं. पोरगं तर शिकलेलं होतं...

त्यानं पान उलटलं.

शेवटची ओळ आली. मागं एक सुस्कारा. बाज पुन्हा करकरली. मग... काही न्हाई.

सरजाबाई चहा घेऊन आली. तुटलेला दोरा बघितला. कप खाली ठेवला अन् बाजेवरच्या गोधडीवरून हात फिरवला.

"गेलं माझं लेकरू," म्हणाली. दोरा उचलून पदरात बांधला. मग म्हणाली, "मला तरी सांगा, भाऊ. कोण व्हता खुनी?"

धम्मपालनं तोंड उघडलं. नाव आठवेना. आत्ता वाचलेलं नाव! पुस्तक पुन्हा उघडून बघायचा धीर झाला न्हाई. आजबी आठवत न्हाई त्याला. मी दहादा विचारलं, तर माझ्यावरच खेकसतो. मला सांगा, असल्या गोष्टीचं माणसानं करायचं काय?

निघताना त्यानं मन घट्ट केलं आणि बाजेवरच्या गोधडीला हात लावला. त्या रात्री भिंतीसुद्धा गारठल्या होत्या.

गोधडी... मधोमध ऊन होती.