निरोगी माणसाची सर्दी

लिफ्टचं दार मिटता मिटता एका तरुणाने मध्ये हात घातला... आणि मी डबा छातीशी घट्ट धरला. डब्यात रक्ताच्या नळ्या होत्या. त्यातल्या पेशी जिवंत असेतो मला प्रयोगशाळा गाठायची होती.

"निरोगी माणसांचं रक्त कुठे घेतात?" त्याने विचारलं.

"माझ्याकडेच," मी म्हणाले, आणि उगाचच लाजले.

कॅन्सरवर उपचार घेताना प्रत्येक डोसनंतर प्रतिकारशक्ती कशी ढासळते, पुन्हा कशी सावरते, हा आमचा अभ्यास. तुलनेसाठी धडधाकट माणसांचं रक्तही वरचेवर घ्यावं लागतं. लिफ्टमधला हा त्यांच्यातलाच एक; पोहायला शिकवायचा. खांदे हे एवढे... आणि सुई दिसली की डोळे गच्च मिटायचा! मला ते भलतंच आवडलं.

पण नियम कडक होता. अभ्यासातल्या माणसाशी कामापुरतंच बोलायचं. तो दर खेपेला कॉफीचं विचारायचा, मी दर खेपेला नाही म्हणायचे आणि दिवसभर हवेत तरंगायचे. वरच्या वॉर्डात केमो घेणाऱ्या मुख्याध्यापिका बाई एकदा म्हणाल्याच, "आजकाल निरोगी माणसांचं फार ऐकायला मिळतं गं तुझ्याकडून." चोराच्या मनात चांदणं! मी घाईघाईने मास्क वर ओढला.

मग तो दिवस आला. बाईंच्या निपचित पडलेल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी पुन्हा वाढायला लागल्या होत्या! मी खुर्चीतच उडी मारली. तुलनेला त्याचा ताजा नमुना लावला... आणि मला घाम फुटला. त्याच्या पेशी लढाईवर निघाल्यासारख्या खवळल्या होत्या. या नमुन्याशी ताडून बघितलं तर बाईंची सुधारणा दिसतच नव्हती.

मी त्याला बोलावून घेतलं. "खरं सांगा. सर्दी होती?"

"थोडीशी... घसा जरा—"

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"हो म्हणालो असतो तर परत पाठवलं असतंत." त्याने मान खाली घातली. "तुम्हाला न बघता परत जायचं... नाही जमलं मला."

ऐकायला गोड वाटलं, पण रागही खरा होता. बाई तासन् तास सलाइन लावून बसतात, वर हसत हसत आम्हाला रक्त देतात, आणि यांनी त्यावर पाणी फिरवायचं? मी तसं तोंडावर सुनावलं. तो न सांगताच उठून अभ्यासाच्या प्रमुख असलेल्या आमच्या मॅडमच्या खोलीत गेला आणि सगळं कबूल केलं.

मॅडम बाहेर आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. नमुना बाद आणि हा माणूसही बाद. बाकीच्या निरोगी लोकांशी तुलना करून बघ, म्हणाल्या. मी आकडे लावले. बाईंची सुधारणा टिकली! डोळेच भरून आले माझे.

तो दाराशी अजून उभा होता. "मी निघतो. सॉरी... मनापासून."

"थांबा," मी हातमोजे काढले. "तुम्हाला आता अभ्यासातून काढलंय."

"माहीत आहे."

"म्हणजे माझ्यावर आता कसलाच नियम नाही." मी बोलूनच टाकलं. "तुम्ही मला आवडता. लिफ्टमध्ये शिरलात तेव्हापासून."

त्याने डोळे गच्च मिटले.

"अहो, सुई नाहीये हातात," मी म्हणाले, आणि त्याचा हात धरला.