बाबांचे चोवीस पाइप

तपासणीच्या खुर्चीत बसलेला माणूस खालच्या ओळीशी येऊन अडला. इथे लोक अंदाजपंचे काहीतरी ठोकून देतात, हा चष्मेवालीचा रोजचा अनुभव. हा मात्र सरळ म्हणाला, "नाही दिसत."

"प्रयत्न तरी करा."

"केला. नाही दिसत."

"मग अंदाजाने सांगा."

"अंदाजाने सांगितलं तर नंबर कुणाचा निघेल — माझा, की अंदाजाचा?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून तिचं तिलाच नवल वाटलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता, गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. गल्लीत तिला सगळे चष्मेवालीच म्हणत. वय एकोणतीस, दुकान स्वतःचं, जीभ तिखट. पण आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले आणि तिखट बोलायचाही तिला कंटाळा येऊ लागला होता.

"लांबचं सोडा हो," तो म्हणाला, "मला हे एवढ्या जवळून दिसायला हवं." आणि त्याने खिशातून एक जुना लाकडी पाइप काढून नाकासमोर धरला.

तिने तो सहज हातात घेतला. अंगठा आपोआप वाटीच्या कडेवरून फिरला, बाबांचा फिरायचा तसा.

"ब्रायर आहे," ती म्हणाली. "आणि ही काळी दांडी मूळची नाही. मागून बसवलीय."

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याचे डोळे तपासून झाले होते, तरी ती पुन्हा त्यांच्यात बघत होती... मग तिने घाईघाईने चिठ्ठीवर नंबर लिहिला. चुकीचा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला.

"हे चष्म्याच्या दुकानात शिकवतात?"

"घरी शिकले. बाबांकडे चोवीस होते."

ब्रायर म्हणजे एका काटक झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. आगीला सहजी दाद देत नाही, म्हणून तिचे पाइप कोरतात. ते कोरणारे हात केव्हाच गेले, ओढणारेही गेले. पाइप तेवढे भंगारवाल्यांच्या टोपल्यांतून फिरत राहिले. ते हुडकून आणणारी, घासूनपुसून ठेवणारी माणसं असतात. बाबा त्यांतले. आणि हा गृहस्थ कातारी निघाला. पोटासाठी खुर्च्यांचे पाय आणि काठ्यांच्या मुठी कातायचा, हौसेसाठी जुने पाइप दुरुस्त करायचा.

"तुम्ही ओढता?" तिने विचारलं.

"छे. तंबाखूच्या नुसत्या वासानेही शिंका येतात मला."

चष्मा घ्यायला तो आला त्या दिवशी तिने पाइपांची पेटी त्याच्या हवाली केली. आईचं टुमणं चालूच होतं : "ती पेटी माझ्या नजरेसमोर नको. कुणाला द्यायची त्याला दे." कातारी म्हणाला, साफसूफ करून देतो, मग जाणणाऱ्या माणसांकडे लावून देऊ.

मग दर दोन दिवसांनी तिचं काहीतरी काम त्याच्या कारखान्याकडे निघू लागलं. कारखाना कसला, एक लांबट खोली. जमिनीवर भुसा, भिंतीला पटाशा, खिडकीपाशी कातयंत्र. ती स्टुलावर बसायची. तो काम करता करता बोलायचा आणि बोलता बोलता काम विसरायचा.

"हा बघा," एकदा तो एक पाइप उजेडात धरून म्हणाला, "काठ या बाजूने जळलाय. म्हणजे मालक डावखुरा. आणि दातांच्या खुणा खोल आहेत... रागीट असणार."

"माझ्या पेनाच्या टोपणावर पण दातांच्या खुणा आहेत."

"ते मला चष्मा घेतानाच दिसलं होतं."

"मग? काय ओळखलंत?"

"सांगितलं तर पटाशी मारून फेकाल. म्हणजे बरोबरच ओळखलंय."

तिने भुशाची मूठ उचलून त्याच्यावर फेकली. त्याच्या केसांत भुसा अडकला. तो झटकायला तिचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला... कातयंत्र उगाचच फिरत राहिलं.

त्याच संध्याकाळी तिने त्याला ती गोष्ट सांगितली. कुणालाच सांगितली नव्हती.

सात वर्षांपूर्वी बाबांना हृदयाचा झटका आला. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितला. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली — आजपासून बंद. आणि पुढच्याच महिन्यात जुने पाइप जमवायला लागले! मागच्या खोलीत बसायचे, पाइप घासायचे, रिकामाच दातांत धरायचे. खोलीला वास यायचा. ते म्हणायचे, "अगं, हा वास आधीच्या मालकांचा. मी ओढत नाही." आईला सुरुवातीला पटायचं. पुढे पटेनासं झालं. बाबांनी सांगून बघितलं, मग सांगायचं सोडून दिलं. शेवटची चार वर्षं आई त्यांच्याशी जेवायला या, गोळी घ्या, एवढंच बोलली. दुसऱ्या झटक्यात ते गेले. आईच्या डोळ्यांतून तेव्हा पाणी आलं नाही.

"लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलले, असं तिच्या मनाने घेतलंय," चष्मेवाली म्हणाली. "मी बाबांची बाजू घेते... पण खरं सांगू? मलाही माहीत नाही. तुम्हाला पाइपावरून माणूस कळतो ना? मग एवढं सांगा. बाबांनी शपथ मोडली होती का?"

कातारी तिच्याकडे बघत होता. चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"बाबा पाइप साफ केल्यावर आतून काही लावायचे?"

"दही आणि कोळशाची पूड. वाटीभर दही न्यायचे. आई म्हणायची, दह्याचा सत्यानाश."

तो स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. "तो लेप असतो. वाळला की आतून काळा, मऊसर थर बसतो. त्यावर एकदा जरी तंबाखू पेटवला तरी तो भाजतो, कडक होतो, राख चिकटते. ओढलाय की नाही, ते त्या थरावरून कळतं."

"मग बघा ना!"

"काय बघू? तो थर मीच खरवडून टाकलाय."

तिला क्षणभर समजलंच नाही.

"एकोणीस पाइपांतला," तो म्हणाला. "जुना पाइप हातात आला की आधी आतली काजळी काढायची, ही सवय. मी ती काजळीच समजलो. पूड मऊ पडत होती, हाताला कळत होतं... डोक्यात शिरलं नाही. चूक माझी आहे."

"मऊ पडत होती. म्हणजे बाबांनी ओढले नव्हते?"

"त्या एकोणिसांपैकी एकही नाही."

"आणि पुरावा?"

"माझा शब्द."

ती उठून उभी राहिली. "हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय का?"

कातारी खाली बघत म्हणाला, "तुम्हाला बरं वाटावं असं मला वाटतं. फार वाटतं. तीच तर पंचाईत आहे... माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी या वाक्याने तिचं काळीज हललं असतं. त्या दिवशी ते तिच्या कानावरून गेलं. बाबा खरे होते हे सिद्ध करणारी एकच गोष्ट जगात होती आणि ती या माणसाने भुशात झाडून टाकली होती. "राहिलेले पाच तसेच ठेवा. हात लावू नका," एवढं म्हणून ती निघून आली.

आठ दिवस ती तिकडे फिरकली नाही. गिऱ्हाइकांवर विनाकारण डाफरली. एका आजोबांना दुसऱ्याच आजोबांचा चष्मा देऊन बसली. रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं. दुपारी दाराशी कुणाची सावली पडली की ती मान वर करायची आणि दुसराच कुणी असला की तिचा जीव खट्टू व्हायचा. आपण कुणाची वाट बघतोय हे तिला चांगलं कळत होतं, म्हणून तर जास्तच चीड येत होती.

नवव्या दिवशी तो आला. बगलेत पेटी, डोळ्यांवर तिनेच दिलेला चष्मा.

"पाच बघितले. नुसते बघितले," तो म्हणाला. "चारांतला थर जसाच्या तसा आहे. भिंगातून तुम्हीही बघू शकता."

"आणि पाचवा?"

त्याने आखूड, वाकड्या दांडीचा एक पाइप काउंटरवर ठेवला. "हा ओढलाय. लेप दिल्यानंतर. एकदाच, तोही अर्धा. तळाशी तंबाखू तसाच सुकून बसलाय."

तिने काउंटरची कड घट्ट धरली.

"परवा सकाळी पातं हातात घेतलं होतं," तो हळूच म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. मग चोवीसच्या चोवीस स्वच्छ. तुम्ही हसला असता. मला ते फार हवं होतं..."

"मग का नाही केलंत?"

"मग तुम्ही ज्याच्याकडे बघून हसला असता तो मी नसतो."

तिने तो पाइप उचलून भिंगाखाली धरला. मग म्हणाली, "आईला चारच दाखवू. हा नको. तिला एवढंच पुरेल बाबांना खोटं ठरवायला."

"मग मी एकोणिसांचंही सांगणार नाही," कातारी म्हणाला. "सांगायचं तर सगळं. माझ्या चुकीसकट. निर्णय तुमचा."

तिने दुकानाचं शटर भरदुपारी खाली ओढलं.

आई पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हा कोण, कशाला आला, ते लेकीने सांगितलं. कातारी बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. लेप काय असतो, आपण तो कसा खरवडला, चार पाइप कसे कोरे राहिले. आईच्या हाताखाली घड्या पडत होत्या. ऐकते आहे की नाही, कळत नव्हतं.

"आणि हा एक," तो म्हणाला, "हा त्यांनी ओढला होता."

आईचा हात थांबला. तिने पाइप घेतला, उलटापालटा करून बघितला.

"कधीचा?"

"नक्की नाही सांगता येणार. तंबाखू पार दगड झालाय. चार-पाच वर्षं तरी झाली असतील."

"पावणेपाच," आई म्हणाली. "माझ्या ऑपरेशनच्या दिवशीचा."

चष्मेवाली आईकडे बघतच राहिली. तो दिवस तिला आठवत होता. आईला आत नेलं होतं, सहा तास झाले तरी डॉक्टर बाहेर येत नव्हते. बाबा मध्येच 'आलोच' म्हणून जिना उतरून गेले होते आणि परतले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"मी शुद्धीवर आले," आई सांगत होती, "तर हे माझ्यावर वाकलेले. आणि अंगाला वास. आधीच्या मालकांचा नाही, ताजा. म्हटलं, म्हणजे आजवरचं सगळंच खोटं. त्यांना एका शब्दाने विचारलं नाही. मनातच ठेवलं." तिने काताऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही आज 'एकही नाही' म्हणाला असतात ना, तर मी तुम्हाला दारातून परत पाठवलं असतं."

तिने पाइप पुन्हा उलटा करून बघितला.

"बाकीच्यांत खरंच काही नव्हतं?"

"खरंच नव्हतं."

"अर्धाच ओढला... माझं काही बरंवाईट होईल या भीतीने," आई म्हणाली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला रडू कोसळलं. लेक तिला धरून बसली. आई रडता रडता एकच म्हणत होती, "चार वर्षं गं... चार वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नाही."

काताऱ्याने पेटी खुर्चीवर ठेवली आणि पाऊल न वाजवता तो बाहेर पडला.

बऱ्याच वेळाने आईने पदराने तोंड पुसलं. "गेला का तो?"

"हो."

"आवडतो तुला." हा प्रश्न नव्हता.

"आई..."

"मला काही सांगू नकोस. ज्याला सांगायचं त्याला सांग. आत्ता जा."

तो गेला नव्हता, जिन्याच्या खालच्या वळणावर थांबला होता. चष्मेवाली धावत आली आणि वरच्या पायरीवरच थांबली. धाप लागली होती.

"तुम्ही मला आवडता," ती म्हणाली. "आठ दिवस इतकी रागावले होते, तेव्हाही आवडत होतात."

तो कठड्याला धरून उभा राहिला. "मी तुमच्या बाबांचं जे —"

"हो, खरवडून टाकलंत. ते मी विसरणार नाही."

"बरं."

"तरीही."

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. पुन्हा काढला. शेवटी तो तिथेच पायरीवर बसला. "पहिल्या दिवशी तुम्ही नंबर चुकीचा लिहून खोडलात ना," तो म्हणाला, "तेव्हापासून... मला बोलता येत नाही हो असलं काही."

"असू दे. कळलं."

ती उतरून त्याच्या शेजारी बसली. त्याचा हात खरखरीत होता, लाकडाचा वास येत होता. तिने तो धरला आणि सोडला नाही.

घराचं दार उघडंच राहिलं होतं. आतून आईचा आवाज येत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी ती बोलत होती. सावकाश, न थांबता. मध्येच एकदा ती हसली, मग पुन्हा बोलू लागली. शब्द कळत नव्हते, आणि दोघांनीही ते कळून घ्यायचा प्रयत्न केला नाही. तिचं बोलून होईपर्यंत वर जायचं नाही, हे न सांगताच ठरलं. आईला सांगायला चार वर्षांचं होतं, त्यामुळे ते दोघं बराच वेळ तिथे बसून राहिले.