एकतीस नंबर गुरुवारी का जेवत नाही?

मी त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य असं होतं – "दुसऱ्या मजल्यावर, डावीकडचा नळ. आणि या वेळी नीट करा हं, मागच्या खेपेला दोन दिवसांत पुन्हा गळायला लागला!"

तो शाळेच्या जिन्यात समोरून आला होता. एका हातात झाकणाची बादली, बुटांना माती, खांद्यावरच्या पिशवीतून लोखंडी दांडा डोकावतोय. नळ दुरुस्त करणारा सकाळपासून 'आलोच' म्हणून फोनवर सांगत होता. आता मला सांगा, मी दुसरं काय समजणार? त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, मग नुसतं "बरं" म्हणाला आणि वर गेला.

अर्ध्या तासानं मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. त्यांच्या समोरच्या खुर्चीत तोच बसलेला, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"हे माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतून आलेत," बाई म्हणाल्या. "जगातली भूक, टिकाऊ शेती, यावर तुमच्या नववीला बोलतं करायचंय. सहा गुरुवार तुम्ही दोघांनी मिळून तास घ्यायचा."

माझी अशी काही भंबेरी उडाली की 'नमस्कार'ऐवजी तोंडातून "नळ?" एवढंच निघालं.

"आतलं रबर झिजलं होतं," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "बदललंय. आता तक्रारीला जागा नाही."

त्याच्या डोळ्यांत मात्र हसू मावत नव्हतं. मला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग यातलं नक्की काय वाटतंय तेच कळेना. पुढचे सहा आठवडे माझी हीच अवस्था राहणार होती, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

भुकेचा धडा मी दर वर्षी शिकवायची. जगात सगळ्यांना पुरेल इतकं पिकतं, तरी कोट्यवधी माणसं उपाशी झोपतात. मी सांगायची, मुलं लिहून घ्यायची आणि जांभया द्यायची. त्या पहिल्या गुरुवारीही मी तशीच सुरुवात केली. तेवढ्यात आमच्या वकीलबाईंचा हात वर गेला. वकीलबाई म्हणजे पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी. तिच्याशी वाद घालून जिंकलेला शिक्षक मी अजून पाहिलेला नाही.

"मॅडम, मी ताटातलं सगळं संपवलं, तर लांबच्या देशातल्या उपाशी मुलाच्या पोटात काय जाणार?"

माझ्याकडे ठेवणीतलं उत्तर होतं. पण तो माझ्या आधी बोलला.

"काहीच नाही."

सगळा वर्ग खडबडून जागा झाला.

"मग संपवायचं कशाला?" वकीलबाई तोऱ्यात म्हणाली.

"ते तुम्ही मला सांगायचं," तो म्हणाला आणि खुशाल मुलांच्यात बाकावर जाऊन बसला.

नंतर जो गोंधळ उठला, तो शेजारच्या वर्गातून तक्रार येईपर्यंत चालला. एक म्हणाला, कमी पिकवू या. दुसरा म्हणाला, मग भाव वाढतील आणि गरीब आधी मरेल. आमच्या पाहुण्यानं मधेच उठून आपल्या बादलीतली मूठभर माती टेबलावर ठेवली. "बोटभर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. तुमचा घास यातूनच आलाय." शेवटच्या बाकावरून एकजण हळूच म्हणाला, "म्हणजे आपण डब्यातलं टाकतो तेव्हा ही मातीही टाकतो." मी त्या मुलाचा आवाज वर्षभरात पहिल्यांदा ऐकला.

तिथूनच मुलांच्या डोक्यात आलं – आपण नक्की टाकतो तरी किती? चाळीस चिठ्ठ्या झाल्या, एकोणचाळीस मुलांच्या आणि एक माझी. कुणाचा नंबर कुठला हे कुणी विचारायचं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात काटा ठेवला. रोज मधल्या सुट्टीत ज्यानं-त्यानं आपलं उरलेलं पडद्याआड तोलायचं, वहीत आपल्या नंबरापुढे आकडा लिहायचा आणि उरलेलं मागच्या खताच्या खड्ड्यात टाकायचं.

मला एकतीस नंबर आला.

मी खाण्यात कधीच मागे नाही. माझा दादा म्हणतो, हिच्या पुढ्यातलं ताट धुवायची गरज नसते. पण काय झालं होतं कोण जाणे, घास घशाखाली उतरेना. मी म्हटलं, पित्त असेल. वहिनीनं भरून दिलेला डबा उघडायची, भात इकडून तिकडे करायची आणि खिडकीतून फाटकाकडे बघत बसायची. एकदा वहीत सरळ शून्य लिहावं असं मनात आलं. पण मुलांना खरं बोला म्हणायचं आणि आपण मात्र... छे! एकशे ऐंशी ग्रॅम लिहिले आणि मान खाली घालून बाहेर आले.

घरी रिकामा डबा बघून वहिनी खूश. "बघा, कशी चाटूनपुसून खाते!" तिनं उत्साहानं भाजी वाढवली. आता दोनशे वीस ग्रॅम!

तास संपला की आम्ही दोघं खड्ड्यापाशी थांबायचो. खताचा ओलसर वास, त्याच्या हातातला तो माती काढायचा लोखंडी दांडा, आणि माझ्या डोक्यात कशाचा कशाला मेळ नाही.

"तुम्ही मला नळवाला समजलात, ते दिवस बरे होते," तो एकदा म्हणाला.

"दिवस कसले? अर्धा तास होता तो!"

"पण हक्कानं बोलला होतात. आता नुसतं 'सर, सर' चालतं."

"मग काय म्हणू?"

"ओरडा. ते तुम्हाला चांगलं जमतं."

मी हसले. मग दिवसभर विचार करत बसले, की याचा अर्थ काय? चेष्टा होती की आणखी काही? आणि असलंच आणखी काही, तर हा माणूस मातीच्या नमुन्याशीही इतकंच गोड बोलतो, त्याचं काय?

पाचव्या गुरुवारी त्यानं दांड्याची माती निपटता निपटता, माझ्याकडे न बघता सांगितलं, "मला लांबच्या केंद्रावर बोलावलंय. वर्षभरासाठी. खारावलेली जमीन पुन्हा पिकती करायचं काम आहे. बुधवारपर्यंत कळवायचंय."

"अरे वा," मी म्हटलं. आवाज माझाच होता का, शंका आहे.

"जाऊ?"

"हे मला का विचारताय?"

"दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही."

झालं! एवढं सरळ कुणी बोलल्यावर शहाण्या बाईनं काय करावं? मी म्हटलं, "जा की! अशी संधी पुन्हा येत नाही." वर अभिनंदनही केलं. त्यानं दांडा पिशवीत ठेवला. मग "बरं" म्हणाला, अगदी जिन्यातल्यासारखं, आणि निघून गेला.

तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. त्यानं जाऊ नये असं मला वाटत होतं. त्यानं जावं असंही वाटत होतं, कारण त्या कामाबद्दल बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. मंगळवारी फोन हातात घेतला, 'नळ पुन्हा गळतोय' एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. बुधवार आला आणि गेला.

शेवटच्या गुरुवारी वकीलबाईंनी भिंतीवर मोठा कागद लावला. नंबरवार आलेख, रंगीत रेघा. वर्गाचं टाकणं चार आठवड्यांत जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. टाळ्या झाल्या.

"फक्त एक केस समजत नाही," ती पट्टी आपटत म्हणाली. "एकतीस नंबर. सोमवार ते बुधवार शून्य. शुक्रवारी शून्य. आणि दर गुरुवारी... हा डोंगर!"

मी थंडगार पडले. पित्त म्हणत होते ना मी? मग गुरुवारीच कसं?

वर्ग चर्चेवर तुटून पडला. शिकवलंच होतं आम्ही! "गुरुवारी नावडती भाजी असेल." "मग दर आठवड्याला वाढतं कसं?" "उपास असेल." "उपासाला डबा कोण आणेल?" तोही खिडकीला टेकून मन लावून ऐकत होता. "अंदाज नको," तो म्हणाला, "निरीक्षण सांगा. गुरुवारी असं काय असतं, जे इतर दिवशी नसतं?"

मग शेवटच्या बाकावरचा तो अबोल मुलगा म्हणाला, "तुम्ही असता, सर."

वर्ग खदखदून हसला. तोही हसला, पण कान लाल झाले त्याचे. "चला, पुढचा नंबर घेऊ," तो घाईनं म्हणाला. "कुणाचा नंबर विचारायचा नाही, ठरलंय आपलं."

मला सुटता आलं असतं. कुणीच विचारलं नसतं. तास संपला असता, फुलांचा गुच्छ देऊन मी त्याला निरोप दिला असता आणि जन्मभर पित्ताच्या गोळ्या घेतल्या असत्या. तरी मी उभी राहिले.

"एकतीस नंबर माझा आहे."

वकीलबाईच्या हातातली पट्टी खाली पडली. घंटा झाली, पण एकही मूल जागचं हललं नाही. शेवटी मलाच ओरडावं लागलं, "सुट्टी झाली! पळा!"

वर्ग रिकामा झाला. तो खिडकीपाशी, मी फळ्यापाशी. मधे सगळे बाक.

"तुम्ही तर जा म्हणाला होतात," तो म्हणाला.

"हो."

"मी काल होकार कळवला. सोमवारी निघतोय."

डोळ्यांत पाणी आलंच. मी ते लपवलं नाही. "मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. "तुम्ही जाऊ नये असं वाटतं. आणि न जाता इथं राहिलात तर मला ते आवडणार नाही. यातलं काहीही मला धड समजत नाही, पण तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

तो बाकांमधून वाट काढत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मातीबद्दल सांगताना कधी न अडखळणारा हा माणूस चक्क ततपप करायला लागला.

"मला वाटलं... तुम्हाला काहीच... म्हणून मी कळवून टाकलं. आता वर्ष जाईल मॅडम. मग आल्यावर मी... म्हणजे, तुमच्या घरी लग्नाचं विचारायला परत आल्यावर यायचं, की..."

मी डोळे पुसले. सहा आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या डोक्यातला गोंधळ थांबला होता.

"वर्ष कशाला?" मी म्हटलं. "सोमवारी निघताय ना? दादा रविवारी घरीच असतो."