सतरावी पट्टी

शुक्रवारची दुपार होती. प्रतीक्षा बाजारातून एक वायर घेऊन घरी चालली होती. वायर साधीच, मोबाईल कॉम्प्युटरला जोडायची. शेजारच्या प्रियंकाने बजावलं होतं, नुसती चार्जिंगची नको, फाईल जाणारी हवी. तेवढं एक वाक्य घोकत प्रतीक्षा दुकानापर्यंत गेली होती, कारण सातवी शिकलेल्या बाईच्या गळ्यात दुकानदार काहीही मारतात हे तिला माहीत होतं. कडेवर अकरा महिन्यांची स्वरा. स्वराच्या छातीतून बारीक शिट्टी येत होती. प्रतीक्षाचं अर्धं लक्ष वायरीत आणि अर्धं त्या शिट्टीत.

शुक्रवारी बोईसरच्या कंपन्या बंद असतात. रोजची घरघर थांबली की चाळ अशी गप्प होते की आपल्याच चपलांचा आवाज मोठा वाटायला लागतो. हवेतला केमिकलचा आंबूस वास मात्र कधी सुट्टी घेत नाही. सगळ्यांच्या खिडक्या बंदच असतात.

स्वराला बाळदमा होता. डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं होतं, पण तोंडावर मास्क आला की ती रडून रडून जास्तच धापायची. तिला खरा आराम पडायचा तो लाडकीमावशीच्या छातीवर. लाडकीमावशी म्हणजे प्रियंकाची आई. मूळची जव्हारकडच्या पाड्यावरची, आणि तिकडची धवलेरी. वारल्यांच्या लग्नात लग्नाची गाणी म्हणणारी बाई ती धवलेरी, तिच्यावाचून लग्न लागत नाही. मुलीला इथे नोकरी लागली म्हणून चाळीत राहायला आली. ती स्वराला छातीशी धरायची, लांब, सावकाश दम घ्यायची आणि गायला लागायची. पाच मिनिटांत पोरीची शिट्टी बसायची. प्रतीक्षा नुसती बघत राहायची. आपण आई असून आपल्याला हे येत नाही याचं तिला वाईट वाटायचं, आणि ही बाई भिंतीपलीकडे आहे म्हणून देवाला हातही जोडावेसे वाटायचे.

दिवाळीनंतर चार दिवस तापाचं निमित्त झालं आणि लाडकीमावशी गेली.

मागे राहिला तिचा आवाज, प्रियंकाच्या मोबाईलमध्ये.

प्रियंका कंपनीत पॅकिंगला होती. जेवणाच्या अर्ध्या तासात डबा एका हाताने खायची आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर गाणी करायची. त्या ॲपमध्ये सोळा चौकोन. एकेका चौकोनात एकेक आवाज भरायचा आणि बोट ठेवलं की तो वाजायचा. दांडीच्या किनाऱ्यावर होडी ओढतात तो आवाज तिने भरला होता, चिकटपट्टीचा चर्रकन आवाज भरला होता, आणि नऊ चौकोनांत आईच्या गाण्याच्या नऊ ओळी. तिची बोटं त्या चौकोनांवर फिरायला लागली की प्रतीक्षाला गॅसवरचं दूध विसरायला व्हायचं. प्रतीक्षाचा नवरा ज्ञानेश म्हणायचा, ही पोरगी मोबाईलवर कोथिंबीर चिरते. पण गाणं सुरू झालं की तोही दारात उभा राहायचा.

लाडकीमावशी गेल्यावर प्रतीक्षाने ते गाणं स्वराच्या उशाशी लावून पाहिलं. पोरगी शांत व्हायच्या जागी आणखी धापायला लागली. का, ते प्रियंकाच्याच ध्यानात आलं. चौकोनातला तुकडा तालात बसायचा तर दोन्हीकडून काटेकोर कापावा लागतो. तिने दर ओळीआधीचा आईचा श्वास कापून टाकला होता. आई तेव्हा जिवंत होती, हवं तेव्हा पुन्हा गाईल, या भरवशावर. मोबाईल भरला म्हणून ते कापलेले तुकडे पुसूनही टाकले होते.

"वहिनी, मानूस असं गात नाय," ती म्हणाली. "मी आयेला दम घेऊच दिला नाय."

म्हणून हा सगळा खटाटोप. एका बंद पडलेल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर तिने घेतला होता. त्यात मोठ्या स्टुडिओत असतं तसं गाणी करायचं सॉफ्टवेअर टाकलं होतं. तिथे प्रत्येक आवाजाला स्वतंत्र आडवी पट्टी मिळते. ओळी एकमेकींपासून लांब सरकवता येतात. मध्ये जागा सोडून गाणं संथ केलं तर स्वराला त्यावर झोप लागेल, असं दोघींचं ठरलं होतं. मशीनची भीती वाटणाऱ्या पोरीला एवढाच काय तो आधार मिळाला असता.

प्रियंकाच्या खोलीत त्यांनी खिडकीवर घोंगडी टांगली आणि आवाज नको म्हणून पंखा बंद केला. भरदुपारी खोलीत काळोख झाला. पडद्याचा निळसर उजेड तेवढा प्रियंकाच्या तोंडावर पडला होता. स्वरा बाजूला झोळीत झोपली होती. शिट्टी चालूच होती, आणि बंद खोलीत ती आणखी जवळची वाटत होती.

पहिल्या खेपेला अख्खं गाणं एकाच फाईलमध्ये आलं. दूध आणि पाणी एकत्र झाल्यासारखं, वेगळं करता येईना. प्रियंका चिडली नाही. पुन्हा मोबाईल घेतला आणि एकेका चौकोनाची वेगळी फाईल काढायला बसली. प्रतीक्षा मोजत गेली. सोळा फायली, सोळा पट्ट्या. वाजवलं तर लाडकीमावशी बसच्या कंडक्टरसारखी घाईघाईने गायला लागली. प्रतीक्षाला हसू फुटलं आणि लगेच लाजही वाटली. प्रियंका म्हणाली, कॉम्प्युटरने स्वतःचाच वेग धरलाय. मोबाईलमधला आकडा बघून तिने इथे घातला आणि आवाज जागेवर आला. मग ती एकेक ओळ उचलून पुढे सरकवायला लागली. मध्ये किती जागा सोडायची ते डोळे मिटून ठरवत होती, जणू आई समोर बसलीय आणि ती कधी दम घेते ते बघतेय. प्रतीक्षाला वाटलं, ही शाळेत कुठे शिकली असेल हे? आणि मग वाटलं, शाळेत नाहीच शिकली.

ती पुन्हा मोजायला लागली, आपली उगाच. कामात चूक राहू नये म्हणून.

"प्रियंका... सतरा आहेत."

"सोलाच हायेत, वहिनी."

"सतरा."

खाली, सगळ्यांत शेवटी, एक पट्टी होती. तिला नाव नव्हतं. पट्टीवर लांब अंतराने बारीक बारीक फुगवटे दिसत होते. प्रियंकाने मोबाईल उघडून पाहिला. चौकोन सोळाच. मग तिने बाकी सगळं बंद करून ती एकच पट्टी वाजवली.

आधी काहीच नाही. मग... कोणीतरी श्वास आत घेतला.

लांब, सावकाश. थोडी शांतता. मग पुन्हा आत.

"आयेचा दम हाय हा," प्रियंका पुटपुटली. "मीच कापला व्हता. पुसून टाकला व्हता..."

तिने सगळ्या पट्ट्या एकदम लावल्या. एकेक श्वास तिने सोडलेल्या जागेत नेमका बसला, केसाएवढाही पुढेमागे नाही. आणि लाडकीमावशी गायली. मोबाईलमध्ये चिरलेली होती ती नाही. पाड्यावरच्या मांडवात रात्ररात्र गायची ती, अख्खी. भिंत थरथरल्यासारखी वाटली. प्रतीक्षाच्या अंगावर काटा आला, तरी मनात एकच होतं, केवढी गायची ही बाई, आणि केवढं राखलंय हिच्या मुलीने.

खोलीत ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला. चाळीत सगळ्यांकडे गॅस आहे.

मग प्रतीक्षाच्या ध्यानात आलं की शिट्टी थांबलीय.

ती झोळीवर वाकली. स्वरा शांत झोपली होती, तोंड किंचित उघडं. प्रतीक्षाने सवयीने तिच्या नाकाखाली बोट धरलं. ऊबदार वारा बोटावर आला. पुन्हा आला. प्रत्येक वेळी बाहेरच. आत जाणारा वारा बोटाला लागतच नव्हता. छाती वर होत होती, पण कॉम्प्युटरमध्ये दम घेतला जाई तेव्हाच. दम आत घेत होती ती गेलेली बाई, आणि सोडत होती ही पोर.

"बंद कर ते," प्रतीक्षा म्हणाली.

प्रियंकाने बटण दाबलं. स्वराने एक श्वास सोडला.

पुढचा घेतला नाही.

प्रतीक्षाने तिला हलवलं, पाठीवर थापटलं, नाव घेऊन हाका मारल्या. मान लुळी पडली. ओठांचा रंग निळसर व्हायला लागला. पडद्याच्या उजेडाने वाटत होता तसा नाही, खरोखर.

"लाव... लाव परत. तसंच पुढे जाऊ दे."

गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झालं. आत एक लांब दम, आणि स्वराची छाती वर आली. त्यानंतर दोघी हलल्या नाहीत. प्रियंकाचा हात त्या बटणापासून लांब, मांडीखाली दाबून ठेवलेला. नऊच्या नऊ ओळी झाल्या. शेवटची ओळ संपली, आवाज विरला, आणि मग स्वराने स्वतःहून श्वास घेतला. डोळे उघडले. आईकडे बघून हसली. शिट्टी नाही, धाप नाही.

पडद्यावर पट्ट्या सोळा होत्या.

ज्ञानेशला दोघींनी यातलं काही सांगितलं नाही. आठवड्याने डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, छान, मशीन आता ठेवून द्या. प्रतीक्षाने चाळभर पेढे वाटले. प्रियंकाने त्या सोळा पट्ट्यांचं गाणं पुरं केलं, श्वासांच्या जागा रिकाम्या ठेवून, आणि पाड्यावरच्या एका लग्नाला पाठवलं. तिथल्या बायका रडल्या. एकीने दुसरीला पाठवलं, दुसरीने चौघींना. दातिवऱ्याच्या हळदीत वाजलं, वैतरणा स्टेशनवर कोणाच्या तरी मोबाईलवर ऐकू आलं. प्रतीक्षा ज्याला त्याला सांगायची, हे आमच्या प्रियंकाने केलंय.

परवा दुपारी ती दारात तांदूळ निवडत होती. स्वरा आत निजली होती. समोरच्या चंद्रकांताकाकू तेच गाणं लावून कपडे वाळत घालत होत्या. मध्येच त्यांना फोन आला. गाणं तुटलं. का कोण जाणे, प्रतीक्षा तांदूळ टाकून आत धावली.

स्वराची छाती खाली गेलेली होती आणि वर येत नव्हती.

बाहेर काकू भावजयीला कसलासा निरोप सांगत होत्या. फोन ठेवला. गाणं पुढे सुरू झालं, आणि पोरीने दम घेतला.

प्रतीक्षाने प्रियंकाला विचारलं, गाणं किती जणांकडे गेलं असेल? प्रियंकाने मोबाईल पुढे केला. तिला स्वतःला वेगवेगळ्या ग्रुपवर त्रेसष्ट जणांनी उलट पाठवलं होतं, ज्यांना ती ओळखतही नव्हती. सगळ्यांनी लिहिलं होतं, फार सुंदर आहे, नक्की ऐका.

"लोकांना सांगायचं तरी काय, वहिनी?" ती म्हणाली. "शेवटपर्यंत ऐका म्हनून?"

आता प्रतीक्षा स्वराच्या नाकाखाली बोट धरून बसलेली असते. दिवसातून तीनदा, चारदा, कधी जास्त, तो वारा मध्येच थांबतो. चाळीत सगळं शांत असतं, गाणं कुठेच वाजत नसतं. ती मनातल्या मनात आकडे मोजते. कालपर्यंत बाराच्या पुढे गेली नव्हती. मग कुठेतरी कोणीतरी अर्ध्यावर थांबवलेलं गाणं पुढे लावत असेल, कारण श्वास परत येतो.

आज सकाळी ती एकोणीसपर्यंत गेली होती.