अक्षरे टाळणारी छिद्रे

अकरा पत्रे, दोन हजार एकशे अठ्ठेचाळीस छिद्रे. आणि त्यांतले एकही छिद्र एकाही अक्षरावर पडलेले नाही.

ही पत्रे एनॉस डोन या शिपायाने १७७७ ते १७८० या काळात, इंग्लंडच्या राजाच्या फौजेशी लढत असताना, छावणीतून मेहिटेबल गेज हिला लिहिली. आमच्या गावच्या इतिहास संस्थेत ती तळमजल्यावर, युद्ध विभागात असतात. जुना कागद जतन करणे हे माझे काम. मार्चमधल्या एका सोमवारी संस्थेचे अध्यक्ष थर्लो यांनी माझ्या टेबलावर एक छापील अर्ज ठेवला. 'नुकसानीचे कारण' या रकान्यात त्यांनी स्वतःच लिहून टाकले होते : कीड.

"तुम्ही फक्त सही करा, लिडिया. किडका कागद संस्थेत ठेवायचा नाही, नियमच आहे. शुक्रवारी दुपारी गिऱ्हाईक येतंय."

"पण कीड अक्षरं सोडून का खाईल?"

"ते किडीला विचारा."

कीड वाचत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी रागाने मागचे दार उघडून बाहेर पडले. पावसात बर्फाचे खडे मिसळलेले होते आणि माझा कोट आत राहिला होता.

"दार धरा! — हाताने नको, पायाने!"

एक लांबलचक खोके माझ्यावर चाल करून येत होते. त्याच्या मागे भिजलेले केस आणि कोपराला सुबक रफू केलेला स्वेटर होता. मी पायाने दार धरले. खोके आत गेले, मग तो.

"एमेट रोव. वरच्या मजल्यावर जुन्या कपड्यांची यादी करतोय, तीन महिन्यांसाठी. तुम्ही खालच्या कागदवाल्या ना?"

"कशावरून?"

"गळ्यात भिंग घालून गारा बघायला कोण बाहेर पडतं?"

मी हसले नाही. निदान तसा माझा प्रयत्न होता.

बुधवारी तो भिंग उसने मागायला खाली आला. वर त्याच्याकडे दोन भिंगे होती, हे मला नंतर कळले. टेबलावरच्या पत्राकडे पाहून तो थबकला.

"हे टाके आहेत."

"पुरावा?"

त्याने आपला हात पुढे केला. बोटांच्या टोकांना सुईचे बारीक घट्टे होते.

"हात म्हणजे पुरावा नव्हे, मिस्टर रोव."

"बरं... मग कोरा कागद द्या."

खिशातून सुई काढून त्याने कागदावर साधा धावदोरा घातला आणि दोरा पुन्हा ओढून काढला. मी भिंगाखाली पाहिले. सुई खाली जाते तिथे छिद्राची कड मागे वळते. वर येते तिथे पुढे. एक मागे, एक पुढे. मग मी एनॉसचे पहिले पत्र भिंगाखाली घेतले. एक मागे, एक पुढे... आमची डोकी इतकी जवळ आली होती की त्याच्या स्वेटरला देवदारी पेटीचा वास येतो, हीही नोंद झाली.

सातव्या पत्राच्या एका छिद्रात दोऱ्याचा एक तंतू अडकलेला होता. निळा.

"वर एक निळा परकर आहे," एमेट हळूच म्हणाला. "आत लोकर भरून गोधडीसारखा शिवलेला. कमरपट्टीवर दोऱ्यानं एम. जी. भरलंय."

"मेहिटेबल गेज."

"परकर खाली आणायला थर्लोंची सही लागेल. ती मिळणार नाही."

"पत्रं वर न्यायलाही लागते." मी पेटी उचलली. "दार धरा. पायाने."

परकराच्या अस्तराच्या आतल्या बाजूला अकरा फिकट आयत होते आणि त्यांच्यावर, ओळीओळींनी, कापलेल्या निळ्या दोऱ्याची टोके. सातवे पत्र आम्ही त्यांतल्या एकावर अलगद ठेवले. छिद्रावर छिद्र बसले. जुन्या नोंदवहीत दोन्ही वस्तू एकाच दिवशी, एकाच पेटीतून आलेल्या होत्या. शिपायाची म्हणून पत्रे युद्ध विभागात गेली. बाईचा म्हणून परकर घरगुती विभागात. शंभर वर्षांहून अधिक काळ दोन्हींमध्ये एक जिना होता.

एमेटने सातवे पत्र मोठ्याने वाचले. "'तुझे वडील माझी पत्रे चुलीत टाकायला लावतात, असे कळले. लावू देत. मी लिहीतच राहणार.'" तो थांबला. "आणि ती हा परकर नेसून रोज त्याच बापासमोर जेवायला बसत असणार!"

माझ्या डोळ्यांत पाणी आले. धूळ गेली, असे मी सांगितले. त्या खोलीत धूळ नसते, हे त्याला माहीत होते.

"लिडिया... थर्लो तुम्हाला काढून टाकतील."

"टाकू देत."

"मग अर्जावर माझीही सही घ्या. आणि — अजून एक विधान आहे. मला तू फार आवडतेस. पुरावा मात्र..."

मी त्याचा हात हातात घेतला. भिंगाशिवाय, बराच वेळ तपासला.

"पुरेसा आहे," मी म्हणाले.

शुक्रवारी गिऱ्हाईक बाहेर बसलेले असताना थर्लो लाल होऊन माझ्या खोलीत आले.

"पत्रं वर कोणी नेली?"

"मी."

"कोणाच्या परवानगीनं?"

"घेतली नाही. तिनंही घेतली नव्हती."

"या अर्जावर सही नसेल, तर सोमवारपासून येऊ नका!"

"सही आहे. एक नाही, दोन. आणि कागद किडका नसेल तर तो विकायचा नाही, हाही नियमच आहे. तो तुम्हीच केलाय."

त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मग ते बाहेर गेले आणि गिऱ्हाइकाला त्याचा कोट आणून दिला. सोमवारी मी कामावर गेले. कोणी अडवले नाही.

टाके उसवले कधी, हे अर्जात नाही, कारण त्याचा पुरावा नाही. एनॉस परत आला त्या दिवशी, असे एमेट म्हणतो. चर्चच्या वहीत दोघांचे लग्न आहे. बाकी मी मान्य करत नाही आणि खोडूनही काढत नाही.

'कीड' या शब्दावर रेघ मारून आम्ही त्या रकान्यात लिहिले ते असे :

नुकसानीचे कारण : सुई. पत्रे जाळावीत अशी वडिलांची आज्ञा असताना मेहिटेबल गेज हिने ती आपल्या परकराच्या अस्तराला आतून शिवली. शिवताना ती वाचत होती; म्हणून एकही अक्षर टोचले गेले नाही.