लाल चिठ्ठ्या

"अहो, ती माझी खुर्ची आहे."

ती दचकून उठली. ग्रंथालयाच्या कॅटलॉग विभागातला पहिला दिवस आणि पहिल्याच मिनिटाला ही पंचाईत! समोर एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. शर्टाच्या खिशातून पट्टी डोकावत होती.

"बसा, बसा... मी दुसरी आणतो," म्हणत तो कानापर्यंत लाल होऊन निघून गेला. तिने मनातल्या मनात त्याचं बारसं उरकलं – फूटपट्टी!

काम शिकवायला तोच होता. प्रत्येक पुस्तकाची संगणकात एकाच ठरावीक पद्धतीने नोंद करायची. नाव, लेखक, प्रकाशक, पानं, उंची.

"नाव मुखपृष्ठावरून घ्यायचं नाही," तो म्हणाला. "ते नटवलेलं असतं. आतल्या शीर्षकपानावर असेल तेच खरं."

"माणसांचंही असंच करता?"

"माणसांना शीर्षकपान नसतं ना... तिथेच माझं घोडं अडतं."

तिची नोंद तपासताना चूक सापडली की तो पुस्तकात लाल चिठ्ठी घालायचा आणि स्वतः तिच्या टेबलाशी यायचा. दुरुस्ती झाली की पुस्तक चिठ्ठीसकट मोठ्या बाईंकडे जायचं. "उंची एकवीस सेंटिमीटर आणि वर थोडीशी. मग बावीस लिहायचं. वरचं थोडंसं सोडायचं नाही." पट्टी धरताना बोटाला बोट लागलं की दोघंही पुस्तकाकडेच बघत राहायची.

पुढे तिचा हात बसला. चुका कमी झाल्या, तसं त्याचं येणंही. तिला दिवस खायला उठला. मग एका दुपारी तिने मुद्दामच लेखकाचं आडनाव चुकीच्या जागी लिहिलं. थोड्याच वेळात लाल चिठ्ठी हजर, आणि मागोमाग तो!

तेव्हापासून चिठ्ठ्यांना ऊत आला.

"आज स्वल्पविराम विसरलात."

"मी? शक्यच नाही!"

"मग ही जागा जास्त सुटलीये..."

अशी जागा सोडल्याचं तिला आठवत नसे. पण वाद कोण घालणार? तो शेजारी उभा होता, एवढं तिला पुरत होतं.

नोकरी मात्र अजून कायम व्हायची होती. दादाने दूरच्या शहरातून बजावलं होतं, "कायम झालीस तर तू आणि आई खुशाल तिथे राहा. नाही तर दोघींना इकडे घेऊन येतो. दोन घरं मला झेपत नाहीत गं."

आणि एक दिवस विभागाच्या मोठ्या बाईंनी तिला बोलावलं. त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत लाल चिठ्ठ्या, काठोकाठ.

"पोरी, मेहनती आहेस. पण चिठ्ठ्या वाढतच चालल्यात. कायम कशी करू? तुझ्या जागी दुसरी मुलगी घेतलीये."

ती टेबलाशी परतली तेव्हा खिडकीवर पाऊस वाजत होता. तो धावतच आला.

"बाई चिठ्ठ्या साठवतात, मला खरंच माहीत नव्हतं! मला वाटायचं, फेकून देतात."

"तुमचा काय दोष? मीच मुद्दाम चुकत होते... तुम्ही यावं म्हणून."

तो पांढराफटक पडला. "मुद्दाम? अगं, पण... निम्म्या नोंदी बरोबर होत्या. तरी मी चिठ्ठ्या घातल्या. तुझ्याशी बोलायला दुसरं निमित्तच सुचेना मला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसावं की रडावं... तिला रडूच आलं.

"मी बाईंना सगळं सांगतो."

"ती मुलगी उद्या रुजू होतेय. तिच्या पोटावर पाय द्यायचा?"

"मग मी येतो तुझ्या मागे. तिकडे."

"आणि तुमचे अंथरुणाला खिळलेले बाबा? त्यांना कोण पाहील?"

तिचं त्याच्यावर प्रेम होतं, त्याचं तिच्यावर होतं, आणि दोघांनी मिळूनच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

संध्याकाळी तिने हातातलं शेवटचं पुस्तक पुरं केलं. शीर्षकपान पाहिलं, पट्टी लावली, उंची पुढच्या आकड्यावर नेली. पुस्तक त्याच्या टेबलावर ठेवून ती दाराशी थांबली.

त्याने नोंद वाचली. पुन्हा वाचली. एक तरी स्वल्पविराम, एक तरी टिंब...

"काय चुकलंय?" तिने विचारलं.

"काहीच नाही गं," तो म्हणाला.

ती छत्री उघडून गेली. तो कोरी लाल चिठ्ठी हातात धरून किती तरी वेळ बसून राहिला.