थकव्याचे चार रकाने

"पाहुणे आहेत वाटते आत. मग मी नंतर येतो," दारातून एका म्हाताऱ्याचा आवाज आला.

विष्णू आतल्या खोलीत चहा पीत होता. ना तो खोकला होता, ना शिंकला होता. म्हाताऱ्याला कळलं कसं, याचं त्याला नवल वाटलं. हेमलता देशकर घराच्या पुढच्या खोलीत खासगी तपासाचं काम करत, आणि त्यांचा हा दीर स्वतःला त्यांचा उजवा हात समजत असे.

"घरचेच आहेत, या," हेमलताबाई म्हणाल्या.

आलेले गृहस्थ अंबादासजी. सत्तरीचे, खमरियाच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. अकरा वर्षं दीक्षितपुऱ्यात बाबारावांच्या घरी एका खोलीत एकटेच राहत होते.

"बाई, संध्याकाळपर्यंत खोली खाली करा म्हणून राहिले बाबाराव. मी लेकरं कोंडली म्हणे. या वयात मी कुठं जाऊ?"

गोष्ट कालची. मे महिन्याची दुपार. बाबारावांचा मुलगा श्रीरंग दोन मित्रांसह गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत खेळत बसला होता. अंबादासजी बाहेरून कडी लावून नदीवर ग्वारीघाटाला गेले आणि चारला परतले. दार उघडून बघतात तो श्रीरंग बेशुद्ध. त्यांनीच त्याला खाली आणलं. तो वाचला, पण अजून सलाईनवर होता आणि धड बोलत नव्हता.

"कडी तुम्हीच लावली?"

"मीच. माकडं शिरतात, म्हणून रोज बाराला लावतो. पण पाहूनच लावतो हो. काल आत कोणी नव्हतं."

"दार उघडून पाहिलं?"

"नाही. दार लोटलेलं होतं."

विष्णूने कपाळाला हात लावला. म्हातारा आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होता. हेमलताबाई मात्र गच्ची पाहायला निघाल्या.

गच्चीवरच्या खोलीत पाच मिनिटांत विष्णूचा सदरा पाठीला चिकटला. एक गजांची खिडकी, एक दार, डोक्यावर तापलेला पत्रा. टेबलावर फासे आणि छापील कागद पडले होते. कालच्या तिघांपैकी मनीषा तिथे आली, पण उंबरा ओलांडायला तयार होईना.

"खेळ आमच्यातल्याच नीलकंठने बनवलाय, दीदी. तो गोष्ट सांगतो, आम्ही त्यातले लोक. काल आम्ही गुहेत अडकलो होतो. दर तासाला थकव्याची एक खूण. चार झाल्या की माणूस मेला."

"आणि मग खरंच अडकलात."

"हो. फोन खाली टोपलीत. खेळताना फोन नाही, हा आमचा जुना नियम. दार बडवलं, चिल्लाए भी. पण सगळ्यांचे कूलर सुरू. मग नीलकंठ म्हणाला, ओरडू नका, ओरडलं की थकव्याची खूण वाढते. खेळत राहू, वेळ जाईल. दोनला पाणी संपलं. श्रीरंग आधी चिडला, मग उगाच हसायला लागला, मग गप्पच झाला." तिचे डोळे भरून आले. "मला वाटलं, खेळातला थकवा ॲक्टिंग करून दाखवून राहिला."

"कडीचा आवाज आला नाही?"

"सुरुवातीला दहा मिनिटं डोळे मिटून, कान झाकून बसायचं होतं. गुहेचा अंधार म्हणून."

"एरवी किती वेळ खेळता?"

"बारा ते दोन. दोनला माझी कोचिंग असते."

हेमलताबाईंनी टेबलाखाली पाहिलं. "या चपला?"

"श्रीरंगच्या. ओझ्याने पण थकवा वाढतो ना, म्हणून बॅगा, बाटल्या, चपला, सगळं आत मोजायला घेतलं होतं."

हेमलताबाईंनी टेबलावरचा एक कागद उचलला. नावापुढे थकव्याचे चार रकाने छापलेले होते: एक, दोन, तीन, चार वाजता. त्यांनी त्याची घडी करून पर्समध्ये ठेवली.

नीलकंठ खाली जिन्यात भेटला. पंचविशीचा, काखेत जाड वही.

"अंबादासजींना आमचा आवाज खपत नाही. दोनदा भांडले," तो म्हणाला.

"ते घाटावरून कधी परततात?"

"चारला. घड्याळ लावून घ्या."

"खेळ छापणार आहेस?"

"पुण्याला एका प्रकाशकाकडे पाठवला होता. परत आला. म्हणाले, थकव्याचे नियम खरे वाटत नाहीत." त्याने वही अजून घट्ट धरली.

पाच वाजता सगळे बाबारावांच्या बैठकीत जमले. बाहेर अंबादासजींची ट्रंक बांधून तयार होती.

"यांनी कडी लावली, यात वाद नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "पण लावायच्या आधी ते काय पाहतात? सकाळी माझ्या दारात आले आणि आत न डोकावता पाहुणे आहेत म्हणाले. काहून? उंबऱ्याबाहेर माझ्या चपलांशेजारी भाऊजींच्या होत्या."

विष्णूने नकळत स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"या घरात बाहेर चपला असल्या तर आत माणूस. काल गच्चीवर एकही चप्पल नव्हती, कारण ओझ्याच्या नावाखाली नीलकंठने सगळ्या आत घेतल्या. कडीचा आवाज ऐकू नये म्हणून नेमके बाराला कान झाकायला लावले. ओरडणंसुद्धा नियमात बसवून बंद केलं."

"हा योगायोग आहे," नीलकंठ म्हणाला.

हेमलताबाईंनी कागद उलगडला. "खेळ दोनला संपतो. मग आधीच छापलेल्या कागदावर तीन आणि चारचे रकाने कशाला? चारच्या आधी कोणी बाहेर पडणार नाही, हे तुला ठाऊक होतं. तुला खरा थकवा पाहायचा होता."

मनीषाने त्याच्या काखेतली वही ओढली आणि कालचं पान काढलं. वाचताना तिचा आवाज फाटला. "तीन वाजता. श्री. घाम थांबला. बोलणं तुटक. नियम बरोबर बसतोय."

"तुला दिसत होतं," ती म्हणाली. "आणि तू लिहून राहिला होता?"

नीलकंठची मान खाली गेली. "वाटलं, एकच तास तर राहिलाय."

बाबाराव उठले. मग त्यांनी पोलीस चौकीला फोन लावला. बोलणं झाल्यावर बाहेर जाऊन त्यांनी अंबादासजींची ट्रंक स्वतः उचलली. त्यांच्या खोलीच्या दाराशी थांबून पायातल्या चपला बाहेर काढल्या, मग आत गेले.

"चुकलो मी, अंबादासजी."

अंबादासजी त्या चपलांकडे पाहत उभे होते. "तुमचं जाऊ द्या, बाबाराव," ते म्हणाले. "कडी तर माझ्याच हातानं लागली ना. आता लावायच्या आधी एक आवाज देत जाईन."